शून्यावरची सही

बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं वळायची थांबली, त्या वर्षी आमच्याकडे दर रविवारी सकाळी एक गृहस्थ यायचे. खुर्चीवर बसायचे, मनगटावरचं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हं, रघुनाथराव. लावा बटणं."

बाबा सदऱ्याची बटणं लावायला घ्यायचे. पाच बटणं. गृहस्थ घड्याळाकडे बघत बसायचे. आई कणीक मळता मळता त्यांच्याकडे पाठ करायची. पाचवं बटण लागलं की ते वहीत काहीतरी लिहायचे, टोपण लावायचे आणि म्हणायचे, "आता सोडा." मग बटणं सोडायचाही वेळ लिहायचे. मी नऊ वर्षांची होते. मला वाटायचं, हा माणूस शिंपी असावा.

घरात तेव्हा हसण्यासारखं फारसं काही नव्हतं. दूधविनायकाच्या गल्लीत आमची एक खोली. आजोबा साताऱ्याकडच्या यात्रेकरूंबरोबर स्वयंपाकी म्हणून काशीला आले आणि इथेच राहिले. बाबा सातवीपर्यंत शिकले आणि गंगेपलीकडे, रामनगरच्या बाजूला, पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. काम प्रेसवर. पत्रा हाताने आत सरकवायचा, वरचा साचा खाली येतो, चकती कापतो, वर जातो. मिनिटाला कित्येकदा. एक दिवस बाबांचा हात बाहेर यायला उशीर झाला. बोटं तुटली नाहीत, आतल्या शिरा तुटल्या. टाके पडले, जखम भरली, आणि तर्जनी न् मधलं बोट सरळ उभी राहिली, कुणाला तरी रस्ता दाखवत असल्यासारखी.

बाबांना प्रेसवरून काढून गेटवर बसवलं. ओव्हरटाइम गेला. आई उजाडायच्या आत एका धर्मशाळेत पोळ्या लाटायला जायला लागली. त्याआधी सकाळी माझी वेणी बाबा घालायचे, घट्ट, तीन पेडांची, शाळेतल्या बाई विचारायच्या कुणी घातली म्हणून. बोटं गेल्यावर आईने माझे केस कात्रीने मानेपर्यंत कापले. सोयीचं पडतं म्हणाली. मी रडले नाही, असं आई सांगते. मला आठवतं त्याप्रमाणे मी रडले होते.

आणि या सगळ्याच्या कागदावर लिहिलं होतं : वाया गेलेले दिवस, शून्य.

हे शून्य नीट समजावून सांगितलं पाहिजे, कारण मला ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांचं सगळं आयुष्य त्या शून्याभोवती फिरलं. कारखान्यात अपघात किती मोठा हे रक्तावरून ठरत नाही, ओरडण्यावरून तर नाहीच. माणूस किती दिवस कामावर येऊ शकला नाही, त्यावरून ठरतं. दिवस जास्त, अपघात मोठा. मोजमाप साधं आहे, आणि फसवायला त्याहून साधं. आमच्या कारखान्यात त्यासाठी एक खुर्ची होती. टाइम ऑफिसात, पाण्याच्या कूलरशेजारी. कुणाला लागलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जीप जायची, त्याला पट्टीसकट उचलून आणायची आणि त्या खुर्चीवर बसवायची. दिवसभर बसा, चहा प्या, हजेरी लावा, संध्याकाळी जीप घरी सोडेल. माणूस हजर, दिवस शून्य. कामगार त्या खुर्चीला राजगद्दी म्हणायचे.

बाबा त्या राजगद्दीवर बसले होते. टाक्यांचा हात गळ्यात अडकवून. आणि शून्याखाली सही होती : गो. वि. आठल्ये, टाइम ऑफिस.

रविवारी घड्याळ गुडघ्यावर ठेवणारे गृहस्थ ते हेच. आमच्यापासून तीन घरं वर राहायचे, आईबरोबर. लग्न केलेलं नव्हतं. ते पहिल्यांदा आमच्या दारात आले तेव्हा आत न येता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "रघुनाथराव, तुमच्या कागदावर मी शून्य लिहिलंय. ते खोटं आहे. खरा आकडा काय ते मला बघायचंय."

बाबा म्हणाले, "या, बसा. चहा घ्या."

आईने चहा केला नाही. पुढची दोन वर्षं केला नाही.

त्या रविवारपासून आठल्येकाका बदलले, असं गल्लीतले लोक सांगतात. मला त्यांचं आधीचं रूप आठवत नाही. मला आठवतात ते वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पत्राने अभ्यास करून सुरक्षेचा डिप्लोमा घेणारे, मग कारखान्यात सेफ्टी अधिकारी झालेले, आणि त्यानंतर जगातल्या प्रत्येक जखमेच्या मागे लागलेले काका. कुणी नुसतं 'लागलं' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "भावना नको, दिवस सांगा."

पाध्येगुरुजी दशाश्वमेधावर यात्रेकरूंचे विधी करतात. त्यांना एकदा गल्लीतल्या सांडाने भिंतीशी दाबलं. सगळी गल्ली विचारपूस करून गेली. मग काका गेले. मी बरोबर होते.

"गुरुजी, ऐकलं ते खरं का?"

"अहो, काय सांगू. प्राण जायचे राहिले."

"भावना नको, दिवस सांगा."

"कसले दिवस?"

"संकल्पाला पळी किती दिवस धरता आली नाही?"

"धरली की. दुसऱ्याच दिवशी. यजमान नागपूरचे होते, परतीचं रिझर्वेशन होतं त्यांचं."

"पाणी सांडलं?"

गुरुजींनी आठवून पाहिलं. "थोडं."

"थोडं म्हणजे पाव दिवस," काका म्हणाले आणि लिहून घेतलं. गुरुजी दुखावले. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला पाव दिवस म्हणजे अपमानच. पुढे महिनाभर ते काकांना बघून लंगडायचे. सांडाने दाबली होती ती पाठ.

गल्लीतल्या मराठी घरांचा गणपती बसतो. एका वर्षी मखराला दिव्यांची माळ लावताना शिडीवरून कुणीतरी पडलं, कोपर खरचटलं. दुसऱ्या दिवशी आरतीला लोक येतात तो बाप्पाच्या शेजारी पाटी : 'या मंडपात काल एक अपघात झाला. तीव्रता : अर्धा दिवस. कारण : शिडीचा एक पाय विटेवर.' मंडळाच्या अध्यक्षीणबाई संतापल्या.

"आठल्ये, पाटी काढा. लोक नमस्कार करायला घाबरतायत."

"काढतो. आधी वीट काढा."

वीट निघाली, मग पाटी निघाली.

कारखान्यात त्यांचं नाव पडलं दिनगिन बाबू, दिवस मोजणारे. पोरं मुद्दाम छेडायची. "का हो दिनगिन बाबू, मच्छर कटलस हमके. केतना दिन?" काकांना चेष्टा कळायची नाही, की कळूनही ते सोडायचे, ठाऊक नाही. गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "खुजलाया किस हाथ से?" कारण त्यांच्या दृष्टीने प्रश्न तोच होता. हात काम करतोय की नाही.

सरकारी तक्ता त्यांना पाठ होता. कुठलं बोट, कुठल्या पेरापर्यंत, किती दिवस. पण त्या तक्त्याशी त्यांचं भांडण होतं. तक्ता माणसाला कामावरच बघतो, घरी बघत नाही, असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी स्वतःच्या वहीत स्वतःचे रकाने आखले होते. बटण. गाठ. घास. पेन. बाबांच्या पानावर आणखी एक रकाना होता, तो त्यांनी मला विचारून घातला होता : वेणी. त्या रकान्यात ते दर रविवारी माझ्याकडे बघून आडवी रेघ मारायचे.

मृत्यूला त्या तक्त्यात सहा हजार दिवस आहेत. शाळेत असताना मी त्यांना विचारलं होतं, सहा हजारच का.

"कुणीतरी टेबलाशी बसून माणसाची उरलेली नोकरी मोजली."

"आणि बाकीचं?"

"बाकीच्याला रकाना नाही, सुमे."

आमच्या गल्लीतून मणिकर्णिकेकडे तिरड्या जातात. दिवसातून किती जातात ते आम्ही बघतही नाही. काका मात्र दर वेळी भिंतीला टेकून उभे राहायचे, चप्पल काढायचे, आणि तिरडी वळली की चप्पल घालून जिथे बोलणं तुटलं तिथून पुढे सुरू करायचे.

बाबांचं गेटवरचं काम काय होतं, ते आता सांगते. गेटवर एक मोठा हिरवा बोर्ड होता, 'आज लगातार इतने दिन कोई दुर्घटना नहीं.' त्यात आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या अडकवायच्या. रोज सकाळी तो आकडा एकाने वाढवायचा. हे काम बाबांचं. वाकत नसलेल्या दोन बोटांनी बाबा रोज सकाळी लिहायचे की इथे कुणाला काही झालेलं नाही. कधीकधी पाटी हातातून निसटायची. काका बसमधून उतरून आत शिरताना बोर्डाला हात जोडायचे आणि मराठीत म्हणायचे, "नमस्कार, थापाडे." बाकी कुणाला कळायचं नाही. बाबा हसायचे. मग आतून येणाऱ्या आवाजाकडे कान लावून म्हणायचे, "चार नंबर आज दमलीय. तेल मागतेय." सतरा वर्षं त्यांना प्रेसला हात लावू दिला नाही, पण कान त्यांनी तिथेच ठेवले होते.

खरी गोष्ट या चार नंबरच्या प्रेसची होती. बाबांचा हात ज्या प्रेसमध्ये गेला ती. तिला जाळी नव्हती. जाळी म्हणजे साच्यापुढे येणारं कुंपण, ते खाली आलं तरच यंत्र चालतं, हात आत राहूच शकत नाही. काका दर वर्षी मागणी करायचे. दर वर्षी उत्तर यायचं की जाळ्या आधी ज्या यंत्रांवर मोठे अपघात झाले त्यांना, आणि चार नंबरचा इतिहास स्वच्छ आहे, कागद बघा. कागद काकांचाच होता. दोनदा त्यांनी लेखी दिलं की तो कागद खोटा आहे आणि खोटा मी लिहिला आहे. मॅनेजर मिश्राजी वाईट माणूस नव्हते. म्हणायचे, "आठल्येजी, हम आपकी बात मान लें, पर फाइल नहीं मानेगी. उस साल का हाजिरी रजिस्टर लाइए." ते रजिस्टर सापडत नव्हतं. वाळवीने खाल्लं असं सगळे म्हणायचे. आणि चार नंबर चालत राहिली. तिच्यावर नंतरही लोकांना लागलं, आणि तेही राजगद्दीवर बसले. काका सेफ्टी अधिकारी झाल्यावर बसणाऱ्यांना गैरहजर लिहायचे, टाइम ऑफिस हजर लिहायचं. वर जायचा तो टाइम ऑफिसचा कागद.

मला शिकवलं काकांनी. हे मी स्पष्ट लिहिते, कारण हल्ली लोक विचारतात की तुमच्या घरात शिक्षणाचं वातावरण होतं का. नव्हतं. रविवारी वही माझ्या हातात देऊन ते म्हणायचे, "मागच्या रविवारी चार मिनिटं दहा सेकंद, आज तीन पन्नास. किती टक्के सुधारणा?" मी टक्केवारी बाबांच्या बोटांवर शिकले. बारावीनंतर आई म्हणाली, पुरे, आता स्थळं बघू. शिकून काय करणार आहे ही?

"मोजेल," काका म्हणाले.

"काय मोजेल?"

"मी चुकलो ते."

त्या दिवशी आईने त्यांना दुसरा कप चहा विचारला.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात पहिली. हे मी लाजत सांगत नाही. लाजायचं असतं तर केलं नसतं. मग सुरक्षेचा डिप्लोमा केला आणि त्याच कारखान्यात काकांच्या हाताखाली लागले. पहिल्या दिवशी गेटवर बाबांनी माझं ओळखपत्र दोन वेळा तपासलं, दुसऱ्या वेळी उगाच.

काकांची निवृत्ती जवळ आली होती. त्यांची आई जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. ते काही बोलायचे नाहीत, पण जुन्या खोल्या, कपाटं, माळे सारखे उघडत राहायचे. रजिस्टर मला सापडलं. स्टोअरच्या मागे, पंपांच्या रिकाम्या खोक्यांखाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. वाळवीने नुसत्या कडा चाखल्या होत्या. मी बाबांचं नाव शोधलं. रकान्यात रोज बाबांची सही, मराठी वळणाची, 'र. शेलार', शेवटच्या र ला शेपूट. आणि एका तारखेपासून सही बंद. त्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा. दुसऱ्या दिवशी ठसा. तिसऱ्या दिवशी ठसा. मी मोजले. एकेचाळीस ठसे. मग पुन्हा सही सुरू, वाकडी, पहिलीतल्या मुलाने काढावी तशी.

सही करता येणारा माणूस एकेचाळीस दिवस अंगठा लावतो, तो कामाला आलेला नसतो. याहून जास्त पुरावा लागत नाही.

मी ते रजिस्टर माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं आणि अकरा दिवस कुणाला दाखवलं नाही. काकांनाही नाही. आमच्या घरातली ही पहिली टेबलाची नोकरी, आणि मी अजून कायम झालेली नव्हते. दोन महिने राहिले होते. आईने धर्मशाळा नुकतीच सोडली होती. त्या अकरा दिवसांचा मला अभिमान नाही.

बाराव्या दिवशी काका पडले. निवृत्तीला चार दिवस राहिले असताना, चार नंबरपासून दहा पावलांवर, सांडलेल्या तेलावर. उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर होत असताना मला म्हणाले, "तेल कुठल्या डब्यातलं ते बघ. आणि फोटो काढ, पुसायच्या आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात जीप गेली.

मी टाइम ऑफिसात पोचले तेव्हा काका राजगद्दीवर बसलेले होते. कूलरशेजारी, हात गळ्यात. समोर मिश्राजी आणि टाइम ऑफिसचा नवा कारकून.

"आठल्येजी, बस चार दिन की बात है," मिश्राजी समजावत होते. "बोर्ड पर तीन सौ पूरे होने वाले हैं. आराम से बैठिए, चाय पीजिए. आपका भी रिकॉर्ड साफ रहेगा."

"मला गैरहजर लिहा," काका म्हणाले. मग हिंदीत, "हमको गैरहाजिर लिखिए."

"अरे, आप तो सामने बैठे हैं."

"बैठे हैं. आए नहीं हैं."

कारकून हसला. त्याचा काही दोष नव्हता, वाक्यच तसं होतं. मिश्राजींनी त्याला खूण केली, त्याने हजेरीचं पान काकांपुढे सरकवलं. काकांचा सहीचा हात प्लास्टरमध्ये. "कोई बात नहीं, अंगूठा लगा दीजिए," म्हणून त्याने खणातून शाईचं पॅड काढलं, झाकण उघडलं आणि आदराने, अगदी आदराने, काकांचा डावा हात धरला.

काका त्या पॅडकडे बघत राहिले. हात त्यांनी ओढून घेतला नाही. नुसता जड केला. कारकुनाला तो उचलता येईना.

"असंच धरलं होतं मी," ते मला म्हणाले. "रघुनाथराव नको म्हणाले नव्हते. उलट म्हणाले, साहेब, तुम्हाला शाई लागेल."

मी माझ्या टेबलाशी गेले आणि रजिस्टर घेऊन आले. मिश्राजींपुढे दोन पानं उघडून ठेवली. एकावर सह्या, एकावर ठसे.

मिश्राजी ऑफिसात बसण्याआधी बारा वर्षं शॉपमध्ये, खुद्द यंत्रांवर होते. त्यांनी चष्मा काढला, पानाच्या अगदी जवळ गेले. एका ठशावर बोट ठेवून खाली खाली सरकत गेले. कारकुनाला म्हणाले, "तुम जरा बाहर जाओ."

तो गेल्यावर म्हणाले, "इकतालीस?"

"इकतालीस."

"ये कब मिला?"

"बारा दिवस झाले," मी मराठीतच बोलून गेले. त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांच्या गळ्यातल्या हाताकडे, मग बराच वेळ त्या पॅडकडे. झाकण त्यांनीच लावलं.

"लिख दीजिए," म्हणाले. "दोनों का लिख दीजिए. इनका भी, शेलार का भी."

काकांनी मला गेटवर पाठवलं. "रघुनाथरावांना सांग, शून्य लावा." बाबांनी तीनदा विचारलं, कुठे लावायचं. नुसत्या शून्याची वेगळी मोठी पाटी अजून कागदातच होती, मोजणी नव्याने सुरू झाली तरी एकपासूनच व्हायची. बाबांनी कागद फाडला, जुने आकडे काढले आणि ते एकटं शून्य अडकवलं. मग शिडीवरून उतरून दोन पावलं मागे गेले आणि बघत राहिले. म्हणाले, "सरळ आहे ना?"

मी म्हटलं, सरळ आहे.

काका चौथ्या दिवशी निवृत्त झाले. हार, शाल, नारळ, मिश्राजींचं भाषण. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले, घड्याळ घेऊन. खोली वर, दुसऱ्या मजल्यावर, माकडांमुळे खिडकीला तारेची जाळी. टेबलावर दही-पोह्यांचा वाडगा आणि चमचा. तेच दोन वेळा चाललं होतं, ते विचारायची गरज नव्हती. आणि सकाळी नऊ वाजता ते पायात बूट घालून बसलेले होते, कारखान्याचे, पुढे लोखंडाची टोपी असलेले.

"कुठे निघालात?"

"जाऊन आलो." मग बुटांकडे बघून, "मैदागिनला. कारखान्याची बस साडेसहाला तिथून सुटते ना."

"आज रविवार आहे, काका."

"हो. ते तिथे गेल्यावर लक्षात आलं."

मी वही उघडली. बटण, गाठ, घास, पेन. त्यांनी सगळं करून दाखवलं, डाव्या हाताने, तक्रार न करता. शेवटी मी विचारलं, एकूण दिवस कसे धरू?

"माझे धरता येणार नाहीत."

"का?"

"दिवस कुठपर्यंत मोजायचे? माणूस कामावर परत येईपर्यंत." ते प्लास्टरच्या कडेला निघालेला कापूस आत ढकलत होते. "मी कुठे परत येणार, सुमे? माझी नोंद बंद करता येत नाही. उघडी राहू दे."

भावना नको, असं म्हणायची ती जागा होती. दोघांपैकी कुणी म्हटलं नाही. मी दुपारी आईच्या हातच्या पोळ्या घेऊन परत गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या डायरीच्या मागच्या पानावर रोज एक रेघ ओढायला लागले. प्लास्टर निघालं, तरी रेघा थांबवल्या नाहीत.

माघात एका मंगळवारी फिटर लोक चार नंबरची जाळी घेऊन आले. मी काकांना आदल्या दिवशी निरोप दिला होता. ते बस सुटायच्या आधीच मैदागिनला उभे होते. बसमध्ये त्यांची नेहमीची जागा कुणी घेतली नव्हती. "आइए दिनगिन बाबू," एवढंच कुणीतरी म्हणालं.

गेटवर बाबांनी बाहेरच्या माणसांचं रजिस्टर पुढे केलं. निवृत्त माणूस, नियमाने बाहेरचा. नाव, वेळ, येण्याचं कारण. काकांनी पेन धरलं आणि कारणापाशी थांबले. मी पेन घेतलं आणि तिथे 'काम' असं लिहिलं. बाबा म्हणाले, "मग यांना पास कशाला हवा," आणि पास फाडून खिशात टाकला.

जाळी बसवायला दुपार झाली. काकांनी लाकडाची एक पट्टी मागितली, जाळी वर ठेवून पट्टी साच्याखाली धरली आणि पेडल दाबायला सांगितलं. प्रेस हलली नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, हलली नाही. पाच वेळा. मग बाबांना बोलावलं आणि पट्टी त्यांच्या हातात दिली. बाबांनी सहाव्यांदा करून पाहिलं.

यंत्राच्या आवाजात मी काकांना म्हटलं, "तुमचे एकशे सात दिवस झाले. बंद करू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुठून आला हा आकडा, हे त्यांनी विचारलं नाही. चष्मा काढला, उजव्या हाताने काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"कर," म्हणाले.

काका आता दर मंगळवारी नव्या भरतीच्या लोकांना शिकवायला येतात. बाबांच्या अपघाताच्या कागदावर एकेचाळीस दिवस लागले आहेत, आणि खाली सही माझी आहे. चार नंबरची प्रेस जाळी खाली आल्याशिवाय चालत नाही.